ओट्यावरच्या कुरड्या

आमचं चर्च श्रद्धेनं वाचलं असं आता अकोल्यात सांगतात. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात मी ते स्वतः ऐकलं. बोलणारे गृहस्थ त्या वेळी जन्मलेही नसावेत, पण गहिवरले असे की शेजारच्या बाईंनी मला रुमाल पुढे केला. मी तिथं होते. श्रद्धा असेलही कुठंतरी, पण मला जी माणसं दिसली ती कुरड्यांसाठी भांडत होती, खुर्चीसाठी भांडत होती, आणि मी, वय वर्षं सोळा, हे चर्च एकदाचं पडू दे म्हणून देवाची प्रार्थना करत होते. तीही त्याच चर्चमध्ये, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसून. हे लिहायला आता हरकत नाही. ज्यांना वाईट वाटलं असतं ते बहुतेक कब्रस्तानात गेले, आणि जे उरलेत त्यांना कमी ऐकू येतं.

माझे बाबा त्या चर्चचे शिपाई होते. नाव शांतवन. झाडणं, बाक पुसणं, रविवारी दारं उघडणं, पाळकसाहेबांचा झगा धुवायला टाकणं, आणि घंटा वाजवणं ही त्यांची कामं. त्या बदल्यात आवारात, चर्चच्या पाठीमागे, आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. विटांच्या भिंती, वर टिनं. अकोल्याचा मे महिना टिनाखाली ज्यांनी काढला नाही त्यांना नरकाबद्दलचं प्रवचन समजावून सांगावं लागतं, आम्हाला लागत नसे. दुपारी माय पोती ओली करून टिनावर टाकायची आणि ती अर्ध्या तासात खडखडीत वाळायची. पावसाळ्यात तेच टिन अकरा ठिकाणी गळायचं, त्या अकरा ठिकाणांना आमच्याकडे ठरलेली अकरा भांडी होती, आणि रात्रभर ती वेगवेगळ्या सुरात वाजत. नळ आवारात, संडास लिंबाच्या झाडापलीकडे. सकाळी आंघोळीची बादली घेऊन मी क्वार्टरकडे निघाले की नेमकं कुणीतरी चर्चची पायरी चढत असायचं आणि "काय वो करुणा, कसा गेला पेपर?" असं विचारायचं. सोळाव्या वर्षी माणसाला लाज फार असते. मला त्या आवाराची, त्या बादलीची, आणि खरं सांगायचं तर बाबांच्या हातातल्या झाडूचीही लाज वाटायची.

चर्च मात्र भक्कम होतं. काळ्या दगडाचं, बुटकं, भिंती तीन-तीन फूट जाड, एका बाजूला चौकोनी मनोरा आणि त्यात घंटा. दारावरच्या दगडात कोरलेल्या चार ओळी होत्या, त्या कुणी वाचत नसे. बांधणाऱ्या गोऱ्या पाद्र्यानं चर्चभोवती कमरेइतका उंच दगडी ओटा कशासाठी केला होता देव जाणे. त्या पाद्र्याला वाटलं असेल, लोक तिथं बसून चिंतन करतील. त्याला वऱ्हाडच्या बायका माहीत नव्हत्या. उन्हाळ्यात तो काळा ओटा सकाळी नऊलाच तव्यासारखा तापायचा, आणि त्यावर साऱ्या मोहल्ल्याच्या कुरड्या, पापड, शेवया, मुगवड्या आणि मिरच्या वाळायच्या. कुणाची जागा कुठली हे ठरलेलं होतं. दक्षिणेकडची बाजू तायडेबाईंची, त्या सरकारी शाळेत शिकवत आणि बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खिरीचं पातेलं पाठवत. मनोऱ्याखालचा भाग देशमुखांच्या सुनांचा. रज्जाकचाचा पेंटरच्या घरच्या शेवया पूर्वेकडे. ख्रिस्ती बायकांना उरलेलं मिळायचं. चर्च आमचं, म्हणून आम्ही मागून यायचं, असा काहीतरी उलटा न्याय होता, आणि माय तो निमूट पाळायची.

कुरड्यांचा दिवस म्हणजे आमच्या आवारात जत्रा. गहू तीन दिवस भिजलेला, त्याचा आंबूस वास सकाळीच क्वार्टरपर्यंत यायचा. मोठ्या गंजात चीक शिजायचा, दोघीजणी मिळून तो घोटायच्या, आणि आम्हा मुलांना वाटीत गरम चीक, वर साखर आणि तेलाची धार. मग सोऱ्या पिरगाळत ओट्यावरच्या जुन्या लुगड्यांवर पांढऱ्या कुरड्यांच्या रांगा. यात बाबांचं काम एकच. त्यांनी आभाळाकडे पाहायचं. मे महिन्यात दुपारी अचानक बाळापूरच्या दिशेनं धूळ उठायची, ढग यायचे, आणि बायका तर घरी जाऊन झोपलेल्या. तेव्हा बाबा दोर धरून घंटा वाजवायचे. रविवारची घंटा संथ, दोन ठोके आणि थांबा. आभाळाची घंटा थांबायचीच नाही. ती ऐकली की गल्ल्यागल्ल्यांतून बायका सुपं, टोपल्या, चादरी घेऊन पळत सुटत, कुणाच्या डोक्यावर पदर नाही, कुणाच्या पायात चप्पल नाही. कमिटीला हे पसंत नव्हतं. घंटा देवाच्या कामासाठी आहे, पापडासाठी नाही, असा एक ठरावही झाला होता. बाबांनी तो ऐकून मान हलवली आणि पुढच्याच ढगाला घंटा वाजवली.

तर अशा या चर्चमध्ये एका रविवारी उपासनेनंतर कमिटीचे सेक्रेटरी साळवेसाहेब उभे राहिले. साळवेसाहेब रेल्वेतून रिटायर झालेले, बोलायला लागले की गाडीसारखेच, लवकर थांबत नसत. त्यांनी एक निळा नकाशा उलगडला. चर्च धोकादायक झालेलं आहे, ते म्हणाले, आणि खिशातून एका ओळखीच्या इंजिनियरचा कागद काढून दाखवला. तीन फूट जाडीच्या भिंती धोकादायक, आणि मागे आमच्या क्वार्टरची भिंत माझ्या भावानं चेंडू मारला की माती सोडायची, तिच्याबद्दल त्या इंजिनियरला काही वाटलं नव्हतं. चर्चच्या जागी शॉपिंग कॉम्प्लेक्स होणार होतं. खाली दुकानं, त्यावर लग्नाचा हॉल, आणि सगळ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर, उपासना. नकाशात लिफ्ट नव्हती. म्हणजे म्हाताऱ्यांनी देवाकडे जायचं ते गुडघे धरून जिन्यानं, नाहीतर एकदाचंच. पण मी नकाशात दुसरंच पाहिलं. पहिल्या मजल्यावर, जिन्याशेजारी, एक लहानसा चौकोन होता आणि त्यात 'शिपाई' लिहिलं होतं. त्याच्या आत आणखी दोन इवलेसे चौकोन. एकात नळ, एकात संडास. घरात! मी त्या चौकोनात मनातल्या मनात पलंग मांडला, खिडकीला पडदा लावला, आणि मैत्रिणींना चहाला बोलावलं.

बाबा घरी येऊन हातपाय धुऊन जेवायला बसले. जेवताना मायनं विचारलं तेव्हा भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवत म्हणाले, "पाडून राहिले म्हंते."

"मंग? खोली देऊन राहिले ना आपल्याले?" माय म्हणाली.

"खोली देतीन. घंटी कुठी बांधतीन?"

एवढंच. नकाशात घंटा नव्हती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला राग आला. माणसानं नळाचा विचार करावा की घंटेचा? मी म्हटलं, "बाबा, आजकाल कॅसेटवर पण घंटा वाजते." बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. त्या पाहण्यात रागबिग काही नव्हतं, म्हणून ते अजून आठवतं.

आता विरोधक उभे राहायला हवेत, आणि ते राहिले. गायकवाड मास्तर, रिटायर्ड हेडमास्तर, यांचं साळवेसाहेबांशी वीस वर्षांपासून वाकडं होतं. कारण नाताळच्या नाटकात हेरोद राजा कुणी व्हायचं हे. साळवेसाहेब चर्च पाडायला निघालेत म्हटल्यावर मास्तरांना त्या चर्चचा ऐतिहासिकपणा एका आठवड्यात कळला. त्यांनी 'चर्च बचाव समिती' काढली. समितीत अकरा जण होते आणि अकराही पदाधिकारी, नुसता सभासद असा एकही नव्हता. पहिल्या तीन सभा समितीचं नाव 'बचाव' असावं की 'संरक्षण' यावर गेल्या. पाळकसाहेब दोन्हीकडच्या सभांना सुरुवातीची प्रार्थना करत, दोन्हीकडचा चहा घेत, आणि प्रभूची इच्छा पूर्ण होवो म्हणून उठत. प्रभूची इच्छा कुठल्या बाजूला आहे हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि नंतर तीच फार शहाणपणाची गोष्ट ठरली.

मास्तरांनी एक काम मात्र खरं केलं. त्यांनी अर्ज लिहिला, बाबांना बरोबर घेतलं, आणि दोघं एसटीनं अमरावतीला जाऊन जुन्या इमारती पाहणाऱ्या सरकारी विभागाच्या मोठ्या साहेबांच्या हातात तो देऊन आले. साहेब भला माणूस असावा. महिन्याभरात पत्र आलं: साहेब स्वतः पाहणीला येतील, इमारत जुनी आणि मूळ रूपात असल्याची खात्री पटली तर पाडकाम थांबेल, तोवर कुणी काही करू नये. पत्र वाचून मास्तर उभे राहिले, चष्मा काढला, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते तीस वर्षांच्या हेडमास्तरकीतून आलेलं होतं. "साहेब येऊन राहिले. रंग मारा लागते."

यात त्यांची चूक म्हणावी तर आपल्या सगळ्यांचीच आहे. आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की माणसाच्या हातात आपोआप ब्रश येतो. शाळेत साहेब येणार तर झाडाच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, रस्त्यानं मंत्री जाणार तर दगडांना पांढरं. जुन्या घरात पाहुणा येणार तर पहिलं म्हातारीला न्हाऊ घालायचं. चर्च जुनं आहे हे साहेबाला दाखवायचं होतं, आणि म्हणून मास्तरांनी ते नवं करायला घेतलं. चुना टिकत नाही म्हणून ऑइलपेंट. रंग बदामी, खाली गेरूचा पट्टा. काम रज्जाकचाचांना दिलं. चाचांनी दगडावर हात फिरवला आणि म्हणाले, "मास्टर, पत्थर पे ऑइलपेंट? मत करो. दम घुटता पत्थर का."

"रज्जाकभाई, तुमी रंगाचं पाहा, दगडाचं मी पाहातो," मास्तर म्हणाले.

बाबा शिडी धरून उभे होते. त्यांनी चाचरत म्हटलं, "मास्तर, साहेबाले जुनं पाहाचं हाय न?"

"शांतवन, तू घंटी पाहा," मास्तर म्हणाले.

तीन दिवसांत आमचं काळं चर्च पेढ्यासारखं बदामी झालं. ओट्यासकट. दारावरच्या त्या चार कोरीव ओळी रंगानं बुजल्या, आणि रिकामं दिसू नये म्हणून त्यावर लाल अक्षरांत 'सुस्वागतम' लिहून घेतलं. मला ते फार आवडलं हे कबूल करते. एकदम सिनेमातल्यासारखं दिसत होतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सकाळी तायडेबाईंच्या कुरड्यांचा घाट होता. गहू काही साहेबासाठी थांबत नाही, तिसऱ्या दिवशी चीक काढलाच पाहिजे. रंग वाळलेला दिसत होता म्हणून त्यांनी सहालाच लुगडं अंथरून सात-आठ रांगा पाडल्या. नऊ वाजता ओटा तापला आणि खालचा ऑइलपेंट पुन्हा मऊ झाला. तायडेबाई पाहायला आल्या आणि लुगडं उचलायला गेल्या तर ते उठेचना. ओढलं तर बदामी पोपडे घेऊन आलं, आणि वरच्या कुरड्यांना राकेलचा वास. तायडेबाई शांत स्वभावाच्या, शाळेतही छडी न वापरणाऱ्या. त्या दिवशी त्या गायकवाड मास्तरांना जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. मास्तर "बाई, ऐका तर, ऐतिहासिक वारसा" एवढंच म्हणत मागे सरकत होते.

नेमके त्याच वेळी साळवेसाहेब फाटकातून आत आले. तीन दिवस मुलीच्या गावी गेलेले, आताच परतलेले. त्यांनी चर्चकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि हसू लागले. पोट धरून, ओट्याला टेकून हसले, आणि टेकले म्हणून शर्टाला बदामी रंग लागला तरी हसतच राहिले. "मास्तर, माह्यं काम तुमीच करून टाकलं न बाप्पा! याले आता कोन जुनं म्हणन? साहेब गाडीतून उतरन तरी का?"

मास्तरांचा चेहरा पडला. मी पाहत होते. तीस वर्षं ज्या ब्रशानं सगळे साहेब खूश केले त्यानंच घात केला हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि ते तिथंच पायरीवर बसले. समितीचे तिघे-चौघे पदाधिकारी आले होते, ते हळूच सायकली काढायला लागले. माझ्या मनात पलंग, पडदा आणि नळ परत आपापल्या जागी आले. मी देवाचे आभार मानले. आभार मानून वळते तो बाबा दिसले. ते मनोऱ्याखाली उभे होते आणि दगडावरचा रंग नखानं खरवडत होते. नुसतं एका जागी, एका नखानं. मग त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, आत गेले, आणि घंटा सुरू झाली.

रविवारची नव्हे. आभाळाची. न थांबणारी.

आभाळ तर स्वच्छ होतं, ऊन नुसतं कोसळत होतं. तरी बायका आल्या. सुपं, टोपल्या, चादरी, देशमुखांच्या दोन्ही सुना, रज्जाकचाचांची बायको, ओल्या केसांनी, पिठाच्या हातांनी. आल्या आणि वर पाहू लागल्या. "कुठी हाय आभाय, शांतवनदादा? काहून वाजवली?" बाबा दोर सोडून बाहेर आले. इतक्या माणसांपुढे ते आयुष्यात बोलले नव्हते. मग म्हणाले, "आभाय नाई आलं. उद्या साहेब येऊन राहिला. हा रंग पाहून तो म्हणन, हे नवं हाय. मंग चर्च पडते." चर्च पडतं हे ऐकून कुणाच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. बाबांनी घसा खाकरला आणि पुढचं वाक्य बोलले. "चर्च पडलं त हा ओटाबी पडते. दुकानाईच्या पायऱ्या होतीन इथी."

"ओटा?" देशमुखांची थोरली सून म्हणाली. "अन् कुरड्या कुठी टाकाव मंग?"

तायडेबाईंनी पदर खोचला. ऐतिहासिक वारसा, प्राचीन शिल्प, ख्रिस्ती समाजाची अस्मिता, हे सगळं मास्तरांच्या अर्जात होतं आणि त्यानं मोहल्ल्यातलं एक माणूस हललं नव्हतं. ओटा म्हटल्यावर अर्ध्या तासात शंभरावर माणसं आवारात होती. मोर्णा नदीतून घमेल्यांनी वाळू आली, चुलींतली राख आली, नारळाच्या शेंड्या, विटांचे तुकडे, तारेच्या घासण्या आल्या. रज्जाकचाचांनी स्वतः लावलेला रंग काढायला स्वतःचे तारेचे ब्रश आणि राकेलचे डबे आणले आणि प्रत्येकाला सांगत फिरले, "मैं बोला था. मास्टर को पूछो, बोला था के नहीं." नवरे आले, ते शिड्यांवर चढले. तायडेबाईंच्या शाळेतली पोरं आली. आणि मग फाटकातून साळवेकाकू आल्या, साळवेसाहेबांच्या सौभाग्यवती, हातात बादली. त्यांच्या कुरड्या पश्चिमेकडे वाळत. साळवेसाहेब म्हणाले, "तू कायले आली इथी?" काकूंनी बादली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "नळावून भरून आना." साळवेसाहेबांनी दिवसभर पाणी भरलं. त्यांच्या शर्टावरचा बदामी डाग मात्र गेला नाही.

मला मायनं मागची बाजू दिली, पावसाच्या पन्हळीच्या पाइपाजवळची. मी रागानं घासत होते. तळहाताला फोड आले, राकेलनं नाक भरलं, आणि प्रत्येक घासण्याबरोबर माझा नळ लांब चालला होता. पाइपाच्या मागे एक ठिकाण होतं, वीतभर, पुढून कुणाला न दिसणारं. तेवढं मी घासलं नाही. मुद्दाम. उद्या साहेबाला दिसलं तर दिसू दे, म्हटलं. संध्याकाळी बाबा सगळीकडे फिरून पाहत आले, तिथं वाकले, पाइपामागे पाहिलं. ते सरळ झाले, माझे तळहात उलटे करून फोड पाहिले, आणि म्हणाले, "तेल लाव याले." बस्स.

साहेब आले. ओला काळा दगड, सांध्यांमधून अजून बदामी रेघा, दारावर 'सुस्वागतम'मधला एक 'स्वा' निघायचा राहिलेला. मास्तरांनी भाषण काढलं, साहेबांनी ते हातानं थांबवलं आणि दारावरच्या कोरीव ओळी बोट फिरवून वाचल्या. मग ओट्यावर बसले आणि तायडेबाईंना विचारलं, हे किती जुनं असेल. बाई म्हणाल्या, "साहेब, माह्या सासूच्या सासूनं इथं कुरड्या वाळवल्या. त्याच्या आधीचं मले मालूम नाई." देशमुखांच्या सुनेनं साहेबांच्या हातात गरम चिकाची वाटी दिली. साहेबांनी पहिला घास घेतला, मग बोलणं थांबवून वाटी संपवली, आणि दुसरी मागून घेतली. पावसाळ्यात पत्र आलं. चर्च राहिलं.

सत्कार ओट्यावरच झाला. शाल आणि श्रीफळ साळवेसाहेबांना, कारण त्यांनी स्वतःच्या हातांनी पाणी वाहिलं हे साऱ्यांनी पाहिलं होतं. गायकवाड मास्तरांना दुसरी शाल. पाळकसाहेब म्हणाले, प्रभूची इच्छा हीच होती हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. भिंतीवर संगमरवरी पाटी बसली, तीवर अकराही पदाधिकाऱ्यांची नावं आहेत आणि खाली 'महिला वर्गाचे सहकार्य लाभले' अशी एक ओळ. बाबांनी खुर्च्या मांडल्या आणि नंतर उचलल्या. पाइपामागचा तो वीतभर रंग अजून आहे. त्या कार्यक्रमातल्या गहिवरलेल्या गृहस्थांनी आम्हा सगळ्यांना तिथं नेलं आणि मोबाइलच्या बॅटरीचा उजेड पाडून सांगितलं की हा इंग्रजांच्या काळचा मूळ गिलावा आहे, जपून ठेवलाय. लोकांनी फोटो काढले. मीही काढला.

चर्च एकदा ऐतिहासिक ठरल्यावर मात्र त्याचं रूप सांभाळायला हवं होतं. पहिल्यांदा पाटी लागली. मग ओट्याभोवती लोखंडी कठडा आला, भाल्याच्या टोकांचा, आणि त्यावर दुसरी पाटी, वाळवण टाकण्यास सक्त मनाई. तायडेबाई कठड्याशी उभ्या राहून ती पाटी दोनदा वाचून गेल्या, शिक्षिका होत्या, शुद्धलेखनाच्या तीन चुका सांगून गेल्या. बायकांनी कुरड्या आपापल्या गच्च्यांवर नेल्या. ज्या कुरड्यांसाठी चर्च वाचवलं त्या सोडून बाकी सगळं वाचलं.

पुढच्या उन्हाळ्यात कमिटीचा ठराव झाला. ऐतिहासिक इमारतीच्या मागे टिनाचं क्वार्टर शोभत नाही, इमारतीचं दर्शन बिघडतं. ठराव साळवेसाहेबांनी मांडला, गायकवाड मास्तरांनी अनुमोदन दिलं. वीस वर्षांत दोघांचं एकमत झालं ते तेवढंच. बाबांची नोकरी राहिली, घर गेलं. जठारपेठेत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. त्यात मला हवा होता तसा नळ घरात होता, आणि त्याला पाणी आठवड्यातून एकदा यायचं.

ज्या दिवशी क्वार्टर पाडायचं होतं त्या दिवशी सकाळीच गडी आले, पहारी घेऊन. बाबा वर चढून स्वतःच्या हातांनी टिनाचे खिळे काढत होते, टिनं वाकू नयेत म्हणून. मी खाली भांडी पोत्यात भरत होते, ती गळतीची अकरा. माय दारात उभी होती. ती त्या घरात लग्न होऊन आली होती. तिनं आधी गड्यांकडे पाहिलं, मग मनोऱ्याकडे, मग वर बाबांकडे.

"अवो," ती म्हणाली. "घंटी वाजवा न. येतीन साऱ्या. तायडेबाई येईन, देशमुखाच्या सुना येतीन. त्या दिवशी आल्या होत्या."

मला वाटलं, वाजवतील. मला पहिल्यांदाच वाटलं की वाजवावी, त्यांनी खाली उतरावं, दोर धरावा आणि थांबूच नये. पहार मारणारे थांबतील, शंभर बाया फाटकातून येतील. मी पोतं हातात धरून उभी राहिले. बाबांनी वर आकाशाकडे पाहिलं. नेहमी पाहायचे तसं, बाळापूरच्या अंगाला, डोळ्यांवर हात धरून.

"आभाय कुठी आलं?" ते म्हणाले, आणि पुढच्या खिळ्याला हात घातला.